सेवाज्येष्ठतेचं मोल

जुलै २०१८ मध्ये ब्रूक लोपेझ मिलवॉकी बक्स संघात आला, तेव्हा त्याचा पगार सातव्या हिश्श्याच्या आसपास येऊन ठेपला होता. आदल्या हंगामात लॉस एंजेलिस लेकर्सने त्याला सव्वादोन कोटी डॉलर दिले होते. मिलवॉकीचा करार एका वर्षाचा आणि सुमारे ३४ लाखांचा होता. वय तीस, उंची सात फूट. बास्केटखाली पाय रोवून उभ्या राहणाऱ्या अवजड सेंटरची एनबीएमधली सद्दी तेव्हा संपत आली होती आणि बाजाराने लोपेझलाही त्याच हिशेबात धरलं होतं.

लोपेझने मात्र आपला खेळ मुळापासून बदलला होता. कारकिर्दीच्या पहिल्या आठ हंगामांत मिळून त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून अवघे ३ बास्केट केले होते. मिलवॉकीतल्या पहिल्याच हंगामात १८७ केले. तो बाहेर उभा राहिला की त्याच्यावर नेमलेला धिप्पाड बचावपटूही बाहेर ओढला जाई आणि सहकारी यानिस अँटेटोकुन्म्पोला आत मुसंडी मारायला वाट मोकळी होई. त्या हंगामात मिलवॉकीने ६० सामने जिंकले.

हंगाम संपला आणि पेच पडला. संघाला लोपेझ हवा होता, मालकांची पैसे मोजायची तयारी होती. पण पगारमर्यादेच्या वर गेलेला संघ अशा खेळाडूला आदल्या पगाराच्या फार तर १२० टक्के, म्हणजे ४० लाखांच्या आसपासच देऊ शकत होता. संघांना मिळणारी 'मिड-लेव्हल' नावाची सवलत वापरली तरी आकडा पहिल्या वर्षासाठी ९२ लाखांवर थांबत होता आणि लोपेझची किंमत त्याहून बरीच वर गेली होती. याच लोपेझने मिलवॉकीत सलग तीन हंगाम काढले असते, तर हा अडथळा आलाच नसता.

ज्येष्ठ खेळाडूंचे करार समजून घ्यायचे तर या पेचापासूनच सुरुवात करावी. एनबीएच्या हिशेबवहीत डॉलर मोजले जातात तशी वर्षंही मोजली जातात. एकाच संघातली वर्षं, लीगमधली एकूण वर्षं आणि खेळाडूचं वय, हे तीन वेगळे आकडे आहेत आणि प्रत्येकामागे स्वतंत्र नियम आहे. सरकारी कचेरीतल्या सेवाज्येष्ठता यादीवरून बढत्या ठरताना आपण पाहिलेल्या आहेत. अब्जावधींच्या या खेळातही तशीच एक यादी काम करते.

ताणता येणारी मर्यादा

एनबीएमध्ये पगारमर्यादा लागू झाली १९८४-८५ च्या हंगामात. त्याआधीच्या वर्षांत अनेक संघ तोट्यात होते, खेळाडू संपाच्या तयारीत होते. १९८३ च्या मार्चअखेर मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात तडजोड झाली. लीगच्या उत्पन्नातला ५३ टक्के वाटा खेळाडूंना देण्याची हमी मालकांनी दिली. बदल्यात संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घालायला खेळाडूंनी मान्यता दिली. पहिली मर्यादा होती संघामागे ३६ लाख डॉलर. हा आकडा लक्षात ठेवावा, प्रकरणाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

आयपीएलच्या प्रेक्षकाला मर्यादा म्हटलं की लिलावातली थैली आठवते. २०२५ च्या हंगामासाठी ती १२० कोटी रुपये होती. खेळाडू राखताना आणि लिलावात घेताना तिच्याबाहेर जाता येत नाही. म्हणूनच चेन्नईने महेंद्रसिंह धोनीला ४ कोटींत राखलं, तेव्हा त्याची बातमी झाली. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला 'अनकॅप्ड' धरण्याचा नियम परत आला आणि ज्येष्ठ खेळाडूवरचे वाचलेले कोट्यवधी रुपये इतरांसाठी मोकळे झाले.

एनबीएची मर्यादा निराळी आहे. तिला 'सॉफ्ट कॅप' म्हणतात. बाहेरचा खेळाडू घ्यायचा तर संघाला आधी मर्यादेखाली जागा करावी लागते, पण ठरावीक सवलतींच्या आधारे ती ओलांडता येते. २०२५-२६ ची मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे आणि बहुतेक संघांचा खर्च तिच्या वर आहे. कोणती सवलत कधी आणि कोणासाठी वापरायची, यातच संघचालकाचं कसब दिसतं. त्यातली सगळ्यात मोठी सवलत ज्येष्ठतेवर उभी आहे.

तीन वर्षांची पुण्याई

या सवलतीला बॉस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डचं नाव चिकटलं आहे. विचार साधा होता. प्रेक्षक ज्या खेळाडूला वर्षानुवर्षं आपला मानत आले, तो निव्वळ मर्यादेपायी हातचा जाऊ नये. म्हणून एखादा खेळाडू तीन हंगाम एकाच संघात राहिला, तर करार संपल्यावर त्या संघाला मर्यादा ओलांडूनही त्याला कमाल पगारापर्यंत कितीही देता येतं. या 'बर्ड हक्कां'ची ताकद १९९७-९८ मध्ये दिसली. शिकागो बुल्सने मायकेल जॉर्डनला त्या एका हंगामासाठी ३ कोटी ३१ लाख डॉलर दिले, तेव्हा संपूर्ण संघाची मर्यादा होती २ कोटी ६९ लाख.

दोन हंगाम पूर्ण झाले असतील तर मधला टप्पा मिळतो. आदल्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांतली मोठी रक्कम देता येते. एकच हंगाम झाला असेल तर ते लोपेझवाले १२० टक्के. खेळाडूची अदलाबदल झाली तर साठलेली वर्षं त्याच्याबरोबर नव्या संघात जातात; तो स्वतःहून दुसऱ्या संघाशी करार करून गेला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

ही शिडी पायरी-पायरीने चढलेला खेळाडू म्हणजे बॉबी पोर्टिस. २०२० मध्ये तो मिलवॉकीला आला तो ३६ लाखांवर. पुढच्या वर्षी संघ त्याला १२० टक्केच देऊ शकत होता, म्हणजे सुमारे ४३ लाख. ते घेऊन तो थांबला. दोन हंगाम पूर्ण होताच मधला टप्पा खुला झाला आणि २०२२ मध्ये त्याला चार वर्षांचा, सुमारे ४ कोटी ९० लाखांचा करार मिळाला.

लोपेझच्या बाबतीत मिलवॉकीला इतका दम धरता येत नव्हता. मग त्यांनी उलट्या बाजूने गणित मांडलं. सवलत नाही तर मर्यादेखाली खरीखुरी जागा करायची. संघातल्या टोनी स्नेलला आणि सोबत पहिल्या फेरीतली एक ड्राफ्ट निवड, म्हणजे नवा खेळाडू निवडण्याचा हक्क, डेट्रॉइटला देऊन टाकला. जॉर्ज हिलच्या कराराचं शेवटचं वर्ष १ कोटी ८० लाखांचं होतं, पण त्यातले १० लाखच हमीचे होते. तो करार मोडून त्याला कमी पगारावर पुन्हा घेतलं.

इथे आणखी एक नियम कामाला आला. संघाचा खेळाडू करारमुक्त झाला तरी त्याच्या नावाची एक रक्कम मर्यादेत धरून ठेवावी लागते. बेरजेत आपण हातचा राखतो, तसाच हा हातचा. करारमुक्त झालेल्या ख्रिस मिडलटनचा आदला पगार कमी असल्यामुळे त्याचा हातचा दोन कोटींच्या आतच होता. त्याला द्यायचे होते वर्षाला तीन कोटींहून अधिक, पण सही होईपर्यंत हिशेबात लहान आकडाच धरला जात होता. म्हणून आधी मोकळ्या जागेत लोपेझला चार वर्षांसाठी ५ कोटी २० लाख दिले आणि मग बर्ड हक्क वापरून मिडलटनची सही घेतली. सह्यांचा क्रम उलटा झाला असता तर लोपेझसाठी जागा उरली नसती.

या गणितात संघातल्या माल्कम ब्रॉग्डनचा बळी गेला. तो इंडियाना पेसर्सकडे गेला.   २० जुलै २०२१ ला मिलवॉकी संघ विजेता ठरला, तेव्हा लोपेझ, मिडलटन आणि पोर्टिस तिघेही संघात होते.

लीगमधली वर्षं आणि वय

दुसरी मोजणी लीगमधल्या एकूण वर्षांची. १९९७ मध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्हजने एकवीस वर्षांच्या केव्हिन गार्नेटला सहा वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार दिला आणि मालकवर्ग हादरला. पुढच्या वर्षी टाळेबंदी झाली, १९९९ चा हंगाम ५० सामन्यांवर आला. त्या वाटाघाटींतून खेळाडूच्या पगारालाही कमाल मर्यादा आली. ती आजही सेवेच्या वर्षांशी बांधलेली आहे. सहा वर्षांपर्यंत मर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० आणि दहा किंवा अधिक वर्षांना ३५ टक्के.

तिसरी मोजणी वयाची, आणि ती ज्येष्ठाच्या विरुद्ध जाते. समजा छत्तीस वर्षांच्या खेळाडूला संघाने पाच वर्षांचा करार दिला. शेवटची दोन-तीन वर्षं तो खेळणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. रक्कम जास्त वर्षांवर पसरली की प्रत्येक वर्षीचा आकडा लहान दिसतो, एवढाच हेतू. ही वाट बंद करायला नियम केला गेला. चार किंवा अधिक वर्षांचा करार ठरावीक वयापलीकडे जात असेल, तर त्या पुढच्या वर्षांचा पगार आधीच्या वर्षांतच धरायचा; मोजके अपवाद आहेत. हे वय आधी ३६ होतं. मालक आणि खेळाडू संघटनेच्या २०१७ च्या करारनाम्यात ते ३८ झालं. तेव्हा खेळाडू संघटनेचा अध्यक्ष ख्रिस पॉल होता आणि उपाध्यक्षांत लेब्रॉन जेम्स. दोघंही तिशी ओलांडलेले. वाटाघाटीच्या टेबलावर अनुभवी माणसं असली की अनुभवाच्या बाजूने शब्द पडतो.

पदरमोड

नियम कमाल किती द्यायचं ते सांगतात. किती घ्यायचं ते खेळाडूच्या हातात असतं. सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन २०११-१२ मध्ये २ कोटी ११ लाख डॉलर घेत होता. छत्तिसाव्या वर्षी नवा करार करताना त्याने पुढच्या हंगामासाठी ९६ लाख स्वीकारले. २०१४ मध्ये स्पर्स विजेते झाले. त्याच उन्हाळ्यात डॅलसच्या डर्क नोव्हिट्स्कीने तीन वर्षांसाठी अडीच कोटी घेतले. आदल्या एका वर्षाचाच त्याचा पगार २ कोटी २७ लाख होता.

दुसऱ्या टोकाला कोबी ब्रायंट. नोव्हेंबर २०१३ मध्ये, टाचेजवळचा स्नायुबंध तुटल्यानंतर पुन्हा मैदानात उतरण्याआधीच, लेकर्सने त्याला दोन वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख दिले. त्या दोन हंगामांत लेकर्सने अनुक्रमे २१ आणि १७ सामने जिंकले. कोबीवर तेव्हा पुष्कळ टीका झाली. मला ती पटत नाही. त्याने त्या संघाला पाच विजेतेपदं दिली होती आणि मालकाने राजीखुशीने दिलेला पगार घेणं हा दोष ठरत नाही. डंकनची पदरमोड थोर आहे, पण थोरवी ही कोणावर अट म्हणून लादता येत नाही. पगारमर्यादेमुळे एकाचा पगार दुसऱ्याच्या जागेला भिडतो, आणि मालकाचा हिशेब खेळाडूंच्या आपसातल्या त्यागाचा प्रश्न होऊन बसतो, हे विसरू नये.

कागदाबाहेरचं वचन

बर्ड हक्कांची वर्षं साठवायची असतात, म्हणूनच त्यांच्याशी खेळ करण्याचा मोह होतो. जो स्मिथ हा १९९५ च्या ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. टाळेबंदीनंतर, १९९९ मध्ये, तो मिनेसोटात आला तो फक्त साडेसतरा लाखांवर, एका वर्षासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा एका वर्षाचा करार, त्यानंतर आणखी एक. बाजारात याहून कितीतरी जास्त मिळत असताना तो इतक्या कमीत का राहतोय, याचं उत्तर एका गुप्त कागदावर होतं. तीन वर्षं थोडक्यात काढ, बर्ड हक्क मिळाले की तुला ८ कोटी ६० लाखांपर्यंतचा करार देऊ.

एजंटांमधला वाद कोर्टात गेला आणि कागद बाहेर आला. ऑक्टोबर २००० मध्ये लीगने संघाला ३५ लाखांचा दंड केला, पहिल्या फेरीतल्या पाच ड्राफ्ट निवडी काढून घेतल्या, पैकी काही नंतर परत मिळाल्या. स्मिथचे करार रद्द ठरले आणि त्याने साठवलेली वर्षं पुसली गेली. ते मोठे पैसे त्याला कधीच मिळाले नाहीत. कारकिर्दीत तो बारा संघांतून खेळला. सेवाज्येष्ठता ज्या नोंदवहीत लिहिली जाते, तिच्याबाहेर दिलेला शब्द शेवटी सगळ्यात दुबळ्या पक्षाला महागात पडतो.

हमी, आणि थकलेलं देणं

करारात लिहिलेली सगळी रक्कम हमीची असतेच असं नाही. ख्रिस पॉलने २०२१ मध्ये फिनिक्सशी चार वर्षांचा, १२ कोटींपर्यंतचा करार केला. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या ३ कोटींना हमी नव्हती. छत्तीस वर्षांच्या खेळाडूला मोठा आकडा मिळाला आणि संघाला बाहेर पडायची वाट. असा करार अदलाबदलीतही कामाचा असतो, कारण दुसऱ्या बाजूला मोठा पगार जुळवता येतो आणि नंतर तो सोडून देता येतो. २०२३ मध्ये पॉल वॉशिंग्टनमार्गे गोल्डन स्टेटला पोचला आणि २०२४ च्या जूनअखेर, हमी लागू होण्याआधी, त्या संघाने त्याला मोकळं केलं.

हमीचा पगार मात्र चुकत नाही, फक्त लांबवता येतो. खेळाडूला सोडताना उरलेली रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांवर पसरता येते. २०२५ च्या उन्हाळ्यात मिलवॉकीने, स्नायुबंध तुटलेल्या डेमियन लिलार्डचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी २५ लाख डॉलर पाच वर्षांवर पसरले आणि मोकळ्या झालेल्या जागेत माइल्स टर्नरला आणलं. म्हणजे पाच वर्षं दरसाल सव्वादोन कोटी डॉलर, संघात नसलेल्या माणसाच्या नावावर.

ज्येष्ठतेचा भार कोणी उचलायचा?

२०२३ च्या करारनाम्याने मर्यादेच्या बऱ्याच वर, आधीपासून असलेल्या उंबरठ्यापलीकडे, दुसरा उंबरठा आखला. या उंबरठ्यांना 'एप्रन' म्हणतात. २०२५-२६ मध्ये दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाखांवर आहे. तो ओलांडणाऱ्या संघाला मिड-लेव्हल सवलत मिळत नाही, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून अदलाबदल करता येत नाही आणि सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड अदलाबदलीत देता येत नाही. श्रीमंत मालकाने पैशाच्या जोरावर संघ विकत घेऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण त्याची झळ कोणाला लागते? बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात खर्च कमी करायला पस्तीस वर्षांचा ज्रू हॉलिडे पोर्टलंडला दिला; एकोणचाळीस वर्षांचा अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला गेला. कमाल पगाराचे तरुण तारे जागेवर राहतात, नवखे स्वस्त असतात, आणि मधले अनुभवी खेळाडू आधी बाहेर पडतात.

कोणत्याही नोकरीत हेच घडतं. ज्येष्ठतेला पगारवाढ जोडली की ज्येष्ठ माणूस महाग होतो, आणि महाग झाला की कपातीच्या यादीत वर जातो. एनबीएच्या नियमावलीत यावरचा उपायही आहे, तळाच्या पगारात. तिथे किमान पगार सेवेच्या वर्षांनुसार वाढतो. २०२५-२६ मध्ये दोन वर्षं झालेल्या खेळाडूचा किमान पगार २२ लाख ९६ हजार डॉलर आहे, दहा वर्षं झालेल्याचा ३६ लाख ३४ हजार. मग संघ नेहमी तरुणालाच घेईल ना? तसं होऊ नये म्हणून एका वर्षाच्या करारात ज्येष्ठ खेळाडूचा भारही संघावर २२ लाख ९६ हजारांचाच पडतो. वरचे १३ लाख ३८ हजार लीग आपल्या सामाईक तिजोरीतून भरते.

उडोनिस हॅस्लम मायामी हीटसाठी सलग वीस हंगाम खेळला. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश यांना जागा व्हावी म्हणून त्याने बाहेरचे मोठे प्रस्ताव नाकारून पाच वर्षांसाठी दोन कोटी घेतले. शेवटची वर्षं त्याने किमान पगारावर काढली, मैदानावर मोजके क्षण आणि बाकी वेळ बाकावरून तरुणांना घडवत. जून २०२३ च्या अंतिम मालिकेत तो काही क्षण उतरला, तेव्हा त्रेचाळिसाव्या वाढदिवसाला दोन दिवस होते. अंतिम फेरीत खेळलेला तो सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. त्याला संघात ठेवणं परवडावं म्हणून त्याच्या ज्येष्ठतेची किंमत तीसही संघांनी मिळून उचलली होती.

बर्ड हक्क, एप्रन, हातचा या सगळ्या तरतुदींपेक्षा मला हा लहानसा नियम अधिक मोलाचा वाटतो. अनुभवाचा फायदा सगळ्या खेळाला होत असेल तर त्याचा खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा. तो एकट्या मालकावर टाकला की मालक अनुभव टाळायला शिकतो.

१९८४-८५ मध्ये एका संपूर्ण संघाची पगारमर्यादा ३६ लाख डॉलर होती. दहा हंगाम पूर्ण केलेल्या एका खेळाडूचा किमान पगार २०२५-२६ मध्ये त्याहून ३४ हजार डॉलरनी जास्त आहे.